ठाण्यातील एका पोर्टफोलिओ स्टुडिओचा अनुभव : छायाचित्रण उत्तम, ‘फेस असेसमेंट’ मात्र टाळावे

नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. नाटक, मालिका आणि जाहिरातींत काम करणाऱ्यांचे, तसेच करू इच्छिणाऱ्यांचे पोर्टफोलिओ येथे तयार होतात. स्टुडिओचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार या एका जागेपुरती नाही. चेहऱ्याला गुण देऊन उणिवा दाखवणारी ‘फेस असेसमेंट’ ही ‘सेवा’ ठाण्यात आणि वाशीतही निरनिराळ्या नावांनी विकली जाते, हे मला सहकलाकारांकडून ठाऊक आहे. शिवाय ज्या मुलाने माझे फोटो मनापासून काढले, त्याची रोजीरोटी माझ्या लिखाणामुळे अडचणीत यावी असे मला वाटत नाही.

माझे वय ४७ आहे. गेली २२ वर्षे मी व्यावसायिक नाटकांत दुय्यम भूमिका करते आणि मालिकांत काकू, मामी, शेजारीण व, वयाच्या ३९व्या वर्षापासून, सासू. अडीच वर्षे चाललेली एक मालिका गेल्या वर्षी संपली आणि काही महिन्यांनी, कलाकारांचे फोटो कास्टिंगवाल्यांकडे पोहोचवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा निरोप आला, “ताई, तुमचे फोटो आठ वर्षांपूर्वीचे आहेत, कास्टिंगवाले नवे मागतात.” मागणी रास्त होती. जुन्या फोटोंतील बाई मलाही आता ओळखीची वाटत नव्हती. लग्नात भेटणाऱ्या एखाद्या दूरच्या आतेबहिणीसारखी वाटत होती.

नोंदणी व्हॉट्सअॅपवर होते आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. मी घेतलेले पॅकेज १६,५०० रुपयांचे होते, कर वेगळा. त्यात मेकअप व केशभूषेसह तीन लुक, दहा संपादित फोटो आणि ‘ग्रूमिंग असेसमेंट’ यांचा समावेश होता. लुकची नावे त्यांच्या पत्रकात ‘घरगुती’, ‘शहरी’ आणि ‘श्रीमंत सासू’ अशी छापलेली आहेत. गरीब सासूचा लुक का नाही, असे मी विचारले, तेव्हा काउंटरवरील मुलीने गांभीर्याने उत्तर दिले की त्याला मागणी नाही. साड्या, ब्लाउज आणि दागिने आपलेच न्यावे लागतात. वेळ साडेदहाची दिली होती, प्रत्यक्षात पावणेबारा वाजले. ठाण्यात चित्रीकरण केलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तीन साड्यांची बॅग आणि दागिन्यांचा डबा दोन जिने चढवावा लागतो.

कपडे बदलण्याची खोली स्वच्छ आहे, आरशाभोवती दिवे नीट आहेत आणि कडी आतून लागते; नाट्यगृहांतून आणि दौऱ्यांतून आयुष्य काढलेल्या बाईला याचे मोल कळते. मात्र त्या आरशासमोर जमिनीवर वजनकाटा ठेवलेला आहे. अर्जात उंची, वजन आणि मापे भरायची असतात, हे मी समजू शकते, कारण कास्टिंगचे अर्ज हीच माहिती मागतात आणि कपडेपटाला ती लागते. पण साडी सोडून परकर-ब्लाउजवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी काटा ठेवण्यात जी कल्पकता आहे, ती मला पटली नाही. अर्जातील शेवटचा रकाना ‘सुधारणेस वाव’ असा होता. तो आपण भरायचा नसतो.

मेकअपसाठी साठीच्या आसपासचे एक दादा होते. त्यांची सुरुवात नाटकाच्या रंगपटात झाली आहे, हे त्यांनी सांगण्यापूर्वीच लक्षात आले, कारण त्यांनी बेस मनगटावर लावून न पाहता जबड्याच्या कडेला, मानेशी जुळवून पाहिला. एका स्टिकने रंग जमला नाही म्हणून तळहातावर दोन एकत्र केल्या. तेवढ्यात स्टुडिओतील सहायिका आत डोकावून म्हणाली, “दादा, मॅडमना दोन शेड वर घ्या, स्क्रीनवर उजळ बरं दिसतं.” दादांनी स्पंज खाली ठेवला. “मान काळी दिसेल मग. मानेला लावू? हातांना पण लावू? पायांना?” ती निघून गेली. दादांनी माझाच रंग मला लावला आणि कामाला लागले.

या ‘दोन शेड वर’चा मला २२ वर्षांचा अनुभव आहे. रंग उजळवणाऱ्या प्रसाधनांच्या जाहिरातींत सावळ्या माणसाला हीन किंवा दुःखी दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन करणाऱ्या परिषदेने २०१४ मध्ये आपल्या नियमांत घातले, आणि १९७५ पासून चालत आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. मेकअपच्या खोलीत मात्र आजही कोणी ‘गोरी करा’ असे म्हणत नाही आणि कोणी दुसरे काही सुचवतही नाही. ‘शेड वर घ्या’ म्हटले की सर्वांना कळते.

छायाचित्रकार तिशीच्या आतला मुलगा आहे आणि आपल्या कामात तयार आहे. त्याने प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स एका बाजूला लावला, दुसऱ्या बाजूने पांढरा थर्माकोल धरायला लावला आणि स्वतः सात-आठ फूट मागे जाऊन ८५ एमएमच्या लेन्सने फोटो काढले. इतक्या दूर का उभा राहतोस, असे मी विचारले. त्याने फार चांगले समजावून सांगितले: कॅमेरा चेहऱ्याच्या जितका जवळ येतो, तितका चेहऱ्याचा पुढे आलेला भाग, म्हणजे नाक, इतर भागांच्या तुलनेत मोठा दिसतो आणि कान मागे पळतात, दूर जाऊन लांब लेन्स वापरली की प्रमाण माणसाच्या नजरेला दिसते तसे राहते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण माझी मुख्य तक्रार यातूनच उभी राहते.

‘स्माइल, मॅडम’ असे तो एकदाही म्हणाला नाही. “कुकर लावलाय, तिसरी शिट्टी व्हायची आहे, बेल वाजली म्हणून तुम्ही दार उघडता आणि दारात नको असलेला माणूस आहे,” असे त्याने सांगितले आणि मी दार उघडले. त्या एका सूचनेवर आलेले चार फोटो माझ्या कारकिर्दीतील सर्वांत चांगले आहेत. नाटकात आपले शरीर उभे राहण्यातून, वळण्यातून, आवाजातून दिसते. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसलेल्या माणसाला माझे नाक कसे आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. क्लोजअपमध्ये मात्र अभिनय आणि त्वचा एकाच चौकटीत येतात आणि पाहणारा कशाकडे पाहतो आहे, हे कलाकाराला कधीच कळत नाही. म्हणून क्लोजअपच्या वेळी कलाकाराला चेहरा विसरायला लावणारा छायाचित्रकार दुर्मीळ असतो. याला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण उशिरासाठी कापला आहे.

आता तक्रारीकडे येते. माझ्यासोबत माझी भाची आली होती. ती १९ वर्षांची आहे, कॉलेजात शिकते आणि लहानपणापासून भरतनाट्यम करते. मालिकांत जाण्याचा तिचा विचार पक्का नव्हता. मावशीच्या साड्यांना पिना लावायला कोणीतरी हवे म्हणून ती आली होती. मी दुसऱ्या लुकसाठी साडी बदलत असताना काउंटरवरील सल्लागार बाईंनी तिला बोलावून ‘फ्री फेस असेसमेंट’ करून दिले. टॅबलेट हातभर अंतरावर धरून त्याच्या पुढच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला गेला, पडद्यावर चेहऱ्यावर रेषा उमटल्या आणि मिनिटभरात कागद छापून आला. त्यावर नाकासाठी, जबड्यासाठी आणि ‘स्किन टोन’साठी वेगवेगळे गुण होते. नाकासमोर ‘करेक्शन सुचवले आहे’ असे लिहिले होते आणि खाली एका क्लिनिकमध्ये दहा टक्के सवलतीची सोय होती. मी बाहेर आले तेव्हा तो कागद चार घड्या घालून तिच्या मुठीत होता. परतताना रिक्षात ती तळहात नाकावर धरून बसली होती. मला वाटले, धूर सहन होत नसेल.

पुढचे तीन आठवडे तिने उजव्या बाजूने स्वतःचा फोटो काढू दिला नाही. एका रात्री ती बाथरूममध्ये मोबाइलचा दिवा लावून, कंपासपेटीतील जुन्या फूटपट्टीने नाकाची रुंदी मोजत होती. आकडे पुसट झाले होते म्हणून तिने पट्टीवर पेनाने नव्या खुणा केल्या होत्या.

हा प्रकार निव्वळ असंवेदनशील असता तर मी येथे इतके लिहिले नसते. तो तांत्रिकदृष्ट्याही चुकीचा आहे, आणि त्याच खोलीत बारा पावलांवर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला तो चुकीचा असल्याचे माहीत आहे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचे गणित मांडून प्रसिद्ध केले: पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाचा तळ सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसतो. सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणाऱ्यांना समजावता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे माझे फोटो काढताना ज्या दोषापासून वाचण्यासाठी हा स्टुडिओ सात फूट मागे जातो, तोच दोष काउंटरवर हातभर अंतरावरून मुद्दाम तयार करतो आणि मग त्यावरचा इलाज सवलतीत विकतो.

फोटो निवडायला गेले तेव्हा मी भाचीला बरोबर नेले आणि छायाचित्रकाराला सर्व सांगितले. तो ओशाळला. त्याने पैसे न घेता तिचे दोन फोटो काढले, एक सात फुटांवरून ८५ एमएमने आणि एक त्याच टॅबलेटने, आणि ते मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून दाखवले. फरक ढळढळीत होता. मला वाटले, आता विषय संपला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “पण मावशी, लोक मला मोबाइलवरच बघतात ना.”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. मी स्वतः या बाबतीत शहाणी आहे असा दावाही करता येणार नाही. मालिका सुरू असताना राम मारुती रोडवर बायका मला थांबवून म्हणत, “टीव्हीवर केवढ्या जाड दिसता हो, प्रत्यक्षात तर बारीक आहात!” त्या हे प्रेमाने म्हणत. मी हसून आभार मानत असे आणि रात्री भाकरी अर्धी करत असे. मालिका बंद झाल्यावर त्याच रस्त्यावर, बहुधा त्याच बायका, “किती उतरलात, बरं नव्हतं का?” असे विचारू लागल्या. दोन्ही वेळच्या वजनांत जेमतेम दीड किलोचा फरक होता. प्रसिद्धीमुळे लोक ओळखतात एवढेच मला आधी ठाऊक होते. लोकांकडे आपला एक चेहरा जमा होतो, आणि पुढे प्रत्येक भेटीत ते त्याच्याशी आपला ताळा करून पाहतात, हे नंतर समजले. पहिल्या वर्षी टेक झाला की मी मॉनिटरकडे धावत असे ती वाक्य बरोबर पडले का हे पाहण्यासाठी. दुसऱ्या वर्षी मी हनुवटी पाहू लागले. हा बदल कोणत्या दिवशी झाला, हे मला सांगता येणार नाही.

काउंटरमागच्या भिंतीवर प्रसिद्ध नट्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावलेले आहेत आणि सल्लागार बाई त्यांकडे बोट दाखवून बोलतात. त्याच नट्यांपैकी काहींनी स्वतः काय सांगितले आहे, तेही तेथे लावायला हरकत नव्हती. सोनम कपूर हिने २०१६ मध्ये एका लेखात लिहिले होते की प्रत्येक जाहीर कार्यक्रमापूर्वी ती दीड तास मेकअपच्या खुर्चीत बसते आणि तीन ते सहा माणसे तिच्या केसांवर व चेहऱ्यावर काम करतात. झोपेतून उठल्यावर कोणतीही नटी तशी दिसत नाही, हे मुलींना कळावे म्हणून तिने ते लिहिले. इलियाना डिक्रूझ हिने आपल्याला नैराश्य आणि बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असल्याचे २०१७ मध्ये उघडपणे सांगितले. या आजारात इतरांना न दिसणारा किंवा क्षुल्लक वाटणारा शरीरातील दोष माणसाचे दिवसाचे तासन् तास खातो. तो आरशात पाहत राहतो किंवा आरसा टाळतो, मोजत राहतो, लपवत राहतो. इटालियन डॉक्टर एन्रिको मॉर्सेली यांनी १८९१ मध्ये, म्हणजे चित्रपट जन्माला येण्यापूर्वीच, याचे वर्णन केले होते. शंभरातील साधारण दोन माणसांना तो असतो, आणि अशांना शस्त्रक्रियेने बहुधा समाधान मिळत नाही. एक दोष दुरुस्त झाला की मन दुसऱ्यावर बसते. माझ्या भाचीला हा आजार आहे असे मी म्हणत नाही, तिची ती फूटपट्टी आता दिसत नाही. पण समोर बसलेल्या अनोळखी मुलीला तो आहे की नाही, हे टॅबलेट हातात धरलेल्या बाईंना कसे कळणार, आणि कळत नसेल तर तिच्या हातात गुणपत्रिका कोणत्या अधिकाराने द्यायची?

ज्यांचा व्यवसाय गळ्यावर चालतो तेही यातून सुटत नाहीत. अमेरिकेची गायिका कॅरन कार्पेंटर मुळात ड्रम वाजवत गात असे आणि तिला ड्रममागेच बरे वाटे. लोकप्रियता वाढल्यावर तिला रंगमंचाच्या पुढच्या भागात आणून उभे केले गेले. खाणे तोडण्याच्या आजाराने हृदय कमकुवत होऊन १९८३ मध्ये, ३२व्या वर्षी ती गेली.

या भिंतीवर आणखी एक तसबीर आहे, आणि ती स्टुडिओच्या मालकांच्या नाट्यप्रेमाची खूण असावी: स्त्रीवेषातील बालगंधर्व. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. बालगंधर्वांचे, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांचे, लुगडे नेसणे, केसांची ठेवण, गजरा, दागिने यांचे महाराष्ट्रातील घराघरांतील बायकांनी अनुकरण केले. एका पुरुषाने रंगवलेले स्त्रीरूप बायकांनी आपल्यासाठी माप म्हणून घेतले. म्हणजे ज्याला आपण रूपाचा आदर्श म्हणतो तो मुळातच नेपथ्य, नेसण आणि अभिनय यांतून उभा केलेला होता, आणि तो कोणाच्या देहावर तसाच्या तसा सापडणे शक्य नव्हते. त्यांनी १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केली, पण पुढे पुन्हा रंगमंचाकडे वळले आणि वय व अंग वाढल्यावरही स्त्रीभूमिका करत राहिले. प्रेक्षक त्यांच्या गाण्यासाठी जात राहिले. त्या तसबिरीखालीच असेसमेंटची खुर्ची ठेवलेली आहे. त्यांना बसवले असते तर टॅबलेटने काय छापले असते, असा विचार माझ्या मनात आला.

आता राहिले माझे फोटो. बारा दिवसांनी लिंक आली. प्रकाश, रंग, नजर, सर्व सुरेख. पण मला न विचारता रिटचिंग केलेले होते. माझ्या डाव्या भुवईत एक व्रण आहे. सात वर्षांची असताना मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवर पडून तो झाला आणि भुवईचे केस तेथे उगवत नाहीत. तो दहाही फोटोंतून नाहीसा झाला होता. गळ्याच्या आडव्या रेषा गेल्या होत्या. ‘श्रीमंत सासू’च्या फोटोत कंबर आत घेतली होती, आणि ती घेताना पैठणीच्या काठावर विणलेल्या मुनियांकडे, म्हणजे पोपटांकडे, कोणी लक्ष दिले नव्हते. खांद्यापासून रांगेने गुबगुबीत उतरणाऱ्या मुनिया कमरेपाशी येताच एकाएकी काटकुळ्या झाल्या होत्या आणि गुडघ्यापाशी पुन्हा बाळसे धरत होत्या. घरात आम्ही यावर खूप हसलो. हसून झाल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला आणि त्यातील कंबर पाहत राहिले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

घाई होती म्हणून मी तेच फोटो कोऑर्डिनेटरला पाठवले आणि पंधरवड्यात घोडबंदर रोडवरील एका स्टुडिओत ऑडिशनला बोलावणे आले. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगून डावी-उजवी बाजू दाखवून झाल्यावर कास्टिंगच्या मुलाने हातातील मोबाइल पाहिला, मला पाहिले, पुन्हा मोबाइल पाहिला आणि अदबीने विचारले, “मॅडम, हे फोटो कधीचे आहेत?” मी म्हणाले, मागच्या महिन्याचे. त्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतले. काम मिळाले नाही. ते कदाचित इतर कारणांनी मिळाले नसेल. पण ऑडिशनच्या सर्व वेळात मी संवाद म्हणत नव्हते, त्या फोटोतील बाईशी बरोबरी करत होते. पोर्टफोलिओचे काम कलाकाराला खोलीत शिरण्यापूर्वी ओळख मिळवून देणे हे असते. या फोटोंनी मी खोलीत शिरण्यापूर्वीच माझी उणीव तयार करून ठेवली होती.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीत मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केले असेल तर फोटोवर तसे लिहावे लागते. नॉर्वेनेही २०२२ पासून असाच कायदा लागू केला. ते कायदे जाहिरातींसाठी आहेत, पोर्टफोलिओसाठी नाहीत, आणि आपल्याकडे तर ग्राहकाला विचारण्याची साधी पद्धतही नाही. मी मूळ फाइल्स मागितल्या तेव्हा प्रथम उत्तर आले की ‘कच्चा माल’ दिला जात नाही. कच्चा माल म्हणजे माझा चेहरा. तीन दिवस निरोपांची देवाणघेवाण झाल्यावर, निवडलेल्या दहा फोटोंच्या न सुधारलेल्या प्रती २,००० रुपये अधिक घेऊन देण्यात आल्या. म्हणजे चेहरा बदलणे पॅकेजमध्ये धरलेले होते आणि न बदललेला चेहरा परत मिळवण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले. पावती मागितल्यावर दिली, तीवर ‘इतर सेवा’ असे लिहिले आहे.

सध्या मी कोऑर्डिनेटरला दार उघडतानाचे तेच चार फोटो पाठवते, व्रणासकट. त्यांवर एक बोलावणे आले, एका दिवसाचे काम झाले; भूमिका रेशन दुकानातील बाईची होती, म्हणजे ज्या लुकला मागणी नाही तोच. भाचीने नाचाच्या कार्यक्रमासाठी त्या सात फुटांवरच्या फोटोची प्रत मागून घेतली आहे. सेल्फी ती अजूनही एकाच बाजूने काढते.

एवढे सगळे असूनही मी येथे पुन्हा जाईन का, असे नाटकातील एका मैत्रिणीने विचारले, आणि माझे उत्तर होकारार्थी आहे, कारण ठाण्यात या किमतीला असा प्रकाश आणि असा मेकअप मला इतरत्र मिळालेला नाही. जाणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच व्हॉट्सअॅपवर लेखी कळवावे की असेसमेंट नको, चेहरा आणि शरीर यांवर रिटचिंग नको, फक्त प्रकाश आणि रंग यांची दुरुस्ती हवी, आणि मूळ फाइल्स त्याच रकमेत हव्यात; त्यांचा लेखी होकार आल्यावरच आगाऊ रक्कम भरावी. बरोबर तरुण मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना काउंटरपाशी एकटे बसवू नये, आत खुर्ची मागून घ्यावी. वजन घरून लिहून न्यावे. मेकअपचे दादा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, तेव्हा तारीख ठरवताना तेवढे विचारून घ्यावे, आणि त्यांच्यासाठी खालून चहा न्यावा, कारण स्टुडिओतला त्यांना आवडत नाही.